हिरामणला न सापडलेली चूक

हिरामण भोयेबद्दल लिहायचं तर लाजिरवाणी गोष्ट आधी सांगून टाकते. मागे ठेवली तर मी ती गिळून बसेन. मला माझी सवय माहीत आहे. चूक मी केली आणि ती आठ महिने हिरामणच्या नावावर राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली.

मी ज्योत्स्ना. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. मालक संतोष सर, त्यांच्या खालोखाल मी. एकोणीस वर्षांचा अनुभव, हे मी पूर्वी कुणी न विचारताही सांगायचे.

हिरामण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकला, सुट्टीत आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जायचा. पुढे आयटीआयला कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड केला आणि अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला लागला. आमच्याकडे आला तेव्हा पस्तिशीचा होता. प्रिंटर, केबली, पासवर्ड विसरलेली माणसं, हे त्याचं खातं. फिरत्या खुर्चीत बसायचा नाही, डोकं फिरतं म्हणायचा. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची त्याची. बोलायला सावकाश, आणि एकच गोष्ट तीनदा विचारणार. मला त्याचा भारी वैताग यायचा. "हिरामण, मराठीत सांगू का आता?" असं मी चारचौघांत विचारायचे. तो म्हणायचा, "मराठीतच सांगितलं ताई तुम्ही. पण पटलं नाय अजून."

एकदा पटलं की मात्र तो ती गोष्ट सोडायचा नाही. असं करत करत, इंग्रजी पानं शब्दाशब्दाने लावत, त्याने आमच्या ऑफिसातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम शिकून घेतलं. सगळ्यांचे प्रोग्रॅम ज्या एका कॉम्प्युटरवर शेवटी जोडून गिऱ्हाइकाकडे जातात, त्या कॉम्प्युटरची देखभाल. त्याला आम्ही मोठं मशीन म्हणतो. दसऱ्याला हिरामण त्याला झेंडूचा हार घालायचा आणि आम्ही फोटो काढून हसायचो.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. सगळा प्रोग्रॅम कुणी स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणं, कागद छापणं, मेसेज पाठवणं, असल्या कामांसाठी जगभरातल्या लोकांनी लिहून ठेवलेला तयार मजकूर मिळतो. त्याला लायब्ररी म्हणतात. लायब्ररी मागवणारा आणि जागच्या जागी लावून देणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, तो पॅकेज मॅनेजर. आमच्याकडचा जुना मॅनेजर प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये प्रत्येक लायब्ररीची स्वतंत्र प्रत टाकायचा. एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर. सहा प्रोजेक्ट म्हणजे त्याच त्या हजारो फायली सहा वेळा. मोठ्या मशीनची डिस्क महिन्याला भरायची आणि आम्ही हिरामणच्या नावाने ओरडायचो.

त्याने महिनाभर वाचून नवा मॅनेजर शोधला. हा प्रत्येक फाइल एकदाच, एका कोठारात ठेवतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दिसते ती फाइल नुसती तिथली वाट असते. नाव इथलं, पण वस्तू कोठारातली. हिरामणने आम्हाला उभं करून ते पडद्यावर दाखवलं. तारखांच्या लायब्ररीतली एक फाइल सहा प्रोजेक्टांतून उघडली, तर सहाही ठिकाणी तिचा अंतर्गत नंबर एकच.

"आमच्या पाड्यावर विहीर एक," तो म्हणाला. "सहा घरांच्या सहा वाटा. पाणी सगळे आपल्या वाटेनं जाऊन आणतात, पण विहीर एकच. म्हणून तिच्यात कोणी काय टाकायचं नाय. टाकलं तर सहाही घरांचं पाणी बदलंल."

डिस्क तीन चतुर्थांश रिकामी झाली. त्याने मशीनच्या वर भिंतीला कागद चिकटवला: 'लायब्ररीच्या फोल्डरमध्ये हात घालू नये. विहीर एकच आहे.' मी त्या दिवसापासून त्याला विहीरवाले म्हणायला लागले. सगळे हसले. तोही हसला, पण कागद काढला नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, माझ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. अंबडमधलाच कारखाना, आमचं काम त्यांच्या कामगारांच्या पाळ्या लावण्याचं. अंबडला सुट्टी शनिवारी. त्यामुळे तिथला आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. तारखांची लायब्ररी मात्र आठवडा सोमवारपासून धरायची. इतक्या वर्षांत अंबडला राहून हे मी विसरले कशी, मला विचारू नका. रविवारपासून नव्या पाळ्या लागणार होत्या आणि सुपरवायझर फोनवर तापला होता.

नीट करायचं तर माझ्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे आठवडा येतो तिथे बदल हवा होता. मला वाटलं, चाळीस तरी ठिकाणं असतील. मग मी मोठ्या मशीनवर गेले, लायब्ररीचं फोल्डर उघडलं आणि आत जाऊन एका ओळीतल्या एकाचा शून्य केला. सोमवारचा रविवार झाला. जोडणी केली, पाठवून दिलं, वर चहा घेतला. कागद माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर होता. मी तो वाचलाही असेल. पण नियम आपल्याहून खालच्या माणसाने केला असला की तो आपल्यासाठी नसतो, असं मला खोलवर वाटत असणार. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

त्याच सहा प्रोजेक्टांत एक देवळाली कॅम्पच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राचं होतं. कोणत्या पेशंटची पाळी कधी, ते त्यात लागायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवारवाले एका गटात; सोमवार, बुधवार, शुक्रवारवाले दुसऱ्या. प्रोग्रॅममध्ये हे वारांनी नव्हे, आठवड्याचा पहिला दिवस, दुसरा दिवस असं लिहिलेलं होतं. पुढच्या बुधवारी हिरामणने त्या प्रोजेक्टची जोडणी केली. पेशंटना दिसत नाही म्हणून पावतीवरची अक्षरं मोठी करायची होती, एवढंच काम. त्याने अक्षरं मोठी केली, आणि माझा शून्य त्याच्या नकळत त्याच्यासोबत देवळालीला गेला.

गुरुवारी सकाळी केंद्रात यादी एक दिवस अलीकडे सरकलेली होती. शुक्रवारवाल्यांना गुरुवारी या असे मेसेज गेले होते, ते येऊन बसले. गुरुवारवाल्यांच्या नावापुढे 'काल गैरहजर'. काहींनी भांडून आपली जागा मिळवली. कारभारीबाबा भांडणारे नव्हते. भगूरच्या पुढे एका वस्तीवर राहणारे, सत्तरीचे, दोन्ही किडन्या गेलेल्या. खिडकीवरच्या नव्या माणसाने सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव आज नाही, उद्या या. ते बस पकडून घरी गेले. शुक्रवारी पहाटे त्यांना श्वास घेता येईना. सुनेने रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. वाचले, पण चार दिवस ऑक्सिजनवर होते.

त्या गुरुवारी दुपारीच संतोष सर केबिनमधून ओरडत बाहेर आले होते. "डायलिसिसची जोडणी शेवटची कुणी केली?" हिरामण प्लास्टिकच्या खुर्चीतून उठला. "मी, सर." आठवडा एका दिवसाने सरकलाय, हे सरांच्या तोंडून ऐकलं आणि त्या क्षणी मला कळलं. तोंड उघडायला तेवढाच क्षण होता. मी उघडलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. खरं तर माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.

हिरामण त्याने केलेले बदल एकेक तपासत होता. मी माझ्या जागेवरून मोठ्या मशीनमध्ये शिरले, सहाही प्रोजेक्टांतली लायब्ररीची फोल्डरं पुसली आणि मॅनेजरला सगळं पुन्हा लावायला सांगितलं. कोठारातली प्रत्येक फाइल तो तिच्याबरोबर आलेल्या मूळ खुणेशी ताडून बघतो. माझी बदललेली फाइल खुणेशी जुळली नाही, तेव्हा त्याने ती फेकली आणि नवी मागवली. पाच मिनिटांत विहीर स्वच्छ. मग मी मोठ्याने म्हणाले, "सर, मी सगळं पुन्हा टाकून बघितलंय. आता बरोबर दाखवतंय."

सरांनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. ज्योत्स्नाने वेळेवर सावरलं म्हणाले. तेही मी घेतले.

त्या संध्याकाळी मी माझ्या कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये तो बदल रीतसर केला. चाळीस ठिकाणं नव्हतीच. तीन होती. पंधरा मिनिटं लागली.

हिरामणने फायली उघडल्या, तर सगळं जिथल्या तिथे. त्याचे बदल फक्त अक्षरांचे. "पुन्हा टाकलं की बरोबर होतं, म्हणजे आधी काहीतरी गुंतलं होतं," सर म्हणाले. "तुझ्या त्या वाटाच गुंतल्या." आणि हिरामणने मान हलवली. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं, कारण दिसण्यासारखं होतं ते मी पुसलं होतं. "माझ्याच मांडणीत काहीतरी राहिलं असंल," तो म्हणाला. जोडणीचं काम त्याच्याकडून काढलं. नवा मॅनेजर काढून जुना आणला, पुन्हा सहा प्रोजेक्टांच्या सहा प्रती. भिंतीवरचा कागद त्याने स्वतःच्या हाताने सोलून काढला, चिकटपट्टीचे डागही पुसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती.

याहून वाईट पुढे आहे. सर म्हणाले, पेशंटला भेटायला हिरामणबरोबर कंपनीतर्फे कुणी वरिष्ठ हवं. मी गेले. हॉस्पिटलात बाबांची सून उज्वला पलंगाशी उभी होती. तिने आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "कोणी केलं ह्ये?"

"मी," हिरामण म्हणाला.

माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. ती मी टेबलावर ठेवली आणि बाबांना 'लवकर बरे व्हा' म्हणाले.

पुढचे आठ महिने हिरामण केबली ओढत होता, प्रिंटरची शाई भरत होता. मंगळवारी आणि गुरुवारी त्याला उशीर व्हायला लागला. एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, ठरावीक वारी कशी झोप लागते तुला?" तो म्हणाला, "घरचं काम असतं ताई." बोलणं तुटक झालं होतं त्याचं. तीनदा विचारणंही बंद झालं होतं. एका कंपनीने त्याला बोलावलं, चांगली जागा होती, तर तो गेला नाही. का, विचारलं तर म्हणाला, "मला भरवसा नाय." मला वाटलं, त्या कंपनीचा.

एका शनिवारी सकाळी, सुट्टी म्हणून, मी देवळाली कॅम्पच्या बाजारात बेकरीत खारी घ्यायला उभी होते. समोर डायलिसिस केंद्राच्या दारात हिरामणची मोटारसायकल थांबली. मागे कारभारीबाबा बसले होते, कानटोपी घालून, त्याच्या कमरेला धरून. हिरामणने गाडी स्टँडवर लावली, बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उतरवलं, त्यांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि पायरी पायरीने आत नेलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मी बेकरीत आणखी आत सरकले. बिस्किटांच्या बरण्यांमागे उभी राहिले, त्रेचाळीस वर्षांची बाई, तो निघून जाईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. हातात वही होती. नागलीची भाकरी डब्यात तशीच, उघडलीही नव्हती.

"ताई, एक विचारायचं होतं. वेळ असंल तर."

त्याने घरी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर सहा खोटे प्रोजेक्ट करून त्यांना तीच मांडणी दिली होती, एकच कोठार आणि सहा वाटा. आणि रोज कामावरून गेल्यावर तो ती चूक पुन्हा घडवायचा प्रयत्न करत होता. वहीत ओळीने नोंदी होत्या. वीज मध्येच बंद करून बघितली. डिस्क भरवून बघितली. दोन जोडण्या एकदम लावून बघितल्या. प्रत्येक ओळीपुढे त्याच्या बारीक अक्षरात: चूक आली नाही.

"चारशे बारा वेळा करून बघितलं ताई. एकदाबी आठवडा सरकला नाय. म्हणजे माझ्या बघण्यातच काहीतरी राहतंय. तुमचा अनुभव जास्त हाय. जरा नजर टाकता का?"

साप नसताना भुई धोपटत होता बिचारा, आणि काठी वाकडी आहे का ते मला विचारत होता. वही माझ्या हातात होती. मी पानं उलटत राहिले कारण वर बघवत नव्हतं. मग मी म्हणाले, "हिरामण, तुला सापडणार नाही. मी लायब्ररीत हात घातला होता."

त्याला पटकन कळलं नाही. मी सगळं सांगितलं. सोमवारचा रविवार, पाच मिनिटांत पुसलेली फोल्डरं, सरांचे आभार, मोसंबी. सांगताना मी रडले, आणि त्याचीही मला लाज वाटली, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

त्याने विचारलं, "म्हणजे मांडणी बरोबर होती?"

"हो."

"वाटा गुंतल्या नव्हत्या?"

"नाही."

"विहीर नीट होती?" तिसऱ्यांदा. आठ महिन्यांनी तो पहिल्यांदा तीनदा विचारत होता.

"नीट होती हिरामण. तुझं काहीही चुकलं नव्हतं."

तो हसेल असं मला एक क्षण वाटलं. त्याने वही माझ्या हातातून काढून घेतली. "शिव्या खायचं काय नाय ताई," तो म्हणाला. "मुकादमाच्या खाल्ल्यात, स्टोअरवाल्याच्या खाल्ल्यात. पण मी आठ महिने माझ्यावरच भरवसा ठेवला नाय. घरी बल्ब लावला तरी दोनदा बघायचो, बरोबर लावला का म्हणून." एवढं बोलून तो आपल्या खुर्चीकडे गेला, डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करून जेवला.

मी त्याच दुपारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरता. मी म्हटलं, उकरायचंच आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना आणि ट्रस्टला लिहून कळवलं. मोठं मशीन हिरामणकडे परत द्यायचं ठरलं. त्याने होकार द्यायला दोन दिवस घेतले. मला माफ केलंस का, असं मी त्याला विचारलं नाही. तेवढी अक्कल आली होती. सोमवारी निघताना तोच माझ्याजवळ थांबला.

"उद्या मंगळवार. बाबांना आणायला तुम्ही जा. सहा वाजता तयार असतात. आणि कशापायी आलात ते त्यांना सांगा."

मी गेले. उज्वला दारात होती. मला बघून ती बाजूला झाली. कारभारीबाबा कानटोपी घालून ओट्यावर बसले होते, पिशवी मांडीवर. मी त्यांना गाडीत पुढे बसवलं. भगूर मागे पडलं. मग गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. लायब्ररी, कोठार यातलं काही नाही. एवढंच, की त्या दिवशी तुमची पाळी चुकली ती माझ्यामुळे. हिरामणचा त्यात काही दोष नव्हता. मला त्याच दिवशी माहीत होतं आणि मी गप्प बसले.

त्यांनी ऐकून घेतलं. श्वास सावकाश होता त्यांचा. समोर रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्याची चूक नव्हती, तर मग त्यो मला आणायला कशापायी येत व्हता इतके महिने?"

"त्याला वाटत होतं, त्याची आहे."

"आन तुम्हाला ठावं व्हतं."

"हो बाबा."

केंद्राच्या दारात मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. दाराच्या चौकटीला धरून, दोनदा थांबून, स्वतः उतरले.

"गुरुवारी त्यालाच येऊ द्या," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं, आणि त्यांची पिशवी घेऊन मागून चालत गेले.